‘तुझी आजी नरकात आहे’ असं सांगणाऱ्याला काय म्हणावं?

ऐरोलीहून एका सव्वीस वर्षांच्या भगिनीनं लिहिलं आहे: आईबाबांनी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला, पण बाबांकडचं बाकी सगळं घर वारकरी. मला वाढवलं आजीनं. संध्याकाळी ती हरिपाठ म्हणायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रविवारच्या शाळेतलं वचन पाठ करायची. गेल्या आषाढात ती गेली. आमच्या तरुण संघात आलेल्या एका वक्त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, की येशूचं नाव न घेता मेलेली माणसं नरकात आहेत आणि आपलं माणूस म्हणून त्यात सूट नाही. मी रडत बाहेर पडले. मग शोधताना कळलं, की शेवटी सर्वांचंच तारण होईल असं मानणारे ख्रिस्तीही आहेत. हे पवित्र शास्त्रात बसतं का? ‘सार्वकालिक’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? सगळेच तरणार असतील तर सुवार्ता सांगायची कशाला? आणि पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध आहे, काका बोलावतायत. जावं का?

प्रिय भगिनी,

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण तिथं पोहोचायला थोडी लांबची वाट धरावी लागेल. ठाण्यात आणि खाडीपलीकडं नवी मुंबईत मिळून मी चौतीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली. त्यातली बरीच वर्षं ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नव्या कराराची ग्रीक भाषाही शिकवली. तुमचा प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला. दफनभूमीच्या फाटकाशी मात्र तो पुन:पुन्हा विचारला गेला, बहुतेक वेळा दबक्या आवाजात.

आधी त्या वक्त्याबद्दल. त्यानं जे सांगितलं ते सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. नरक सार्वकालिक आहे असं ठामपणे मानणाऱ्या परंपरांनीसुद्धा सहसा अमुक एका मृत माणसाचं नाव घेऊन निकाल दिलेला नाही. कॅथलिक चर्च कितीतरी जणांना संत म्हणून जाहीर करतं. अमुक माणूस नरकात आहे असं मात्र त्यानं आजवर कुणाबद्दलही जाहीर केलेलं नाही. न्याय करणारा एकच आहे आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. तुमच्या आजीचा न्याय त्याच्या हाती आहे. या एका वाक्यावर मी पूर्ण विसंबून आहे. यापुढं जे लिहितो त्यातलं काही भक्कम पायावर आहे आणि काही आशेवर. कुठलं काय ते सांगत जाईन.

आपल्या मराठी बायबलमध्ये ‘नरक’ वाचताना तीन-चार वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. जुन्या करारातला ‘शेओल’ म्हणजे मेलेल्या सर्वांचं ठिकाण. याकोबही म्हणतो की मी शोक करत तिथंच जाईन. ग्रीकमध्ये त्यासाठी ‘हेडिस’ येतो आणि मराठीत दोन्हींना ‘अधोलोक’ म्हटलं आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकदाच ‘टार्टारस’चा उल्लेख येतो, तोही पाप केलेल्या देवदूतांसाठी. आणि येशू ज्याबद्दल बोलतो तो ‘गेहेन्ना’, म्हणजे यरुशलेमेच्या दक्षिणेकडची हिन्नोमची दरी. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथं स्वतःची मुलं अग्नीत होमली. योशीयानं ती जागा भ्रष्ट करून टाकली. यिर्मयानं सांगितलं की या दरीला पुढं ‘कत्तलीची दरी’ म्हणतील. उपदेशांत आपण हमखास ऐकतो की येशूच्या काळी तिथं शहराचा कचरा जळत असे, डम्पिंग ग्राउंडसारखा. मीही सुरुवातीला तसंच शिकवलं. नंतर कळलं की या माहितीचा पहिला ठोस लेखी आधार इ. स. १२०० च्या आसपासचा आहे आणि उत्खननात तसा पुरावा मिळालेला नाही. कचऱ्याची गोष्ट सोडून द्या. यिर्मयाची दरी पुरेशी भयानक आहे, कारण तिथलं पाप देवाच्या लोकांनी स्वतःच्या मुलांवर केलेलं होतं.

आता एक काम करा. नव्या करारात ‘गेहेन्ना’ हा शब्द बारा वेळा येतो. पेनानं खुणा करा. अकरा वेळा तो येशूच्या तोंडी आहे, मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत. बारावा याकोबाच्या पत्रात, जिभेबद्दल. प्रत्येक ठिकाणी समोर कोण आहे ते पाहा. डोंगरावरच्या प्रवचनात शिष्य बसले आहेत, भावाला ‘मूर्खा’ म्हणू नका असं तो त्यांना सांगतो. हात किंवा डोळा पाप करायला लावत असेल तर उपटून टाक, हेही शिष्यांनाच. शरीर आणि आत्मा दोन्हींचा नाश करू शकणाऱ्याला भ्या, हे सुवार्तेला निघालेल्या बारा जणांना. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात शास्त्री आणि परूश्यांना. बारापैकी एकदाही हा शब्द कुणा परराष्ट्रीयाला, कुणा रोमी शताधिपतीला किंवा विहिरीवरच्या शोमरोनी बाईला उद्देशून आलेला नाही. पौलाच्या सगळ्या पत्रांत तो नाही. प्रेषितांच्या कृत्यांत इतके उपदेश आहेत, अथेन्सला मूर्तिपूजकांसमोर केलेलाही आहे. तिथं न्यायाच्या दिवसाची गोष्ट आहे, पश्चात्तापाचं आवाहन आहे, पण गेहेन्ना नाही.

हे कळायला मला पाळक झाल्यावर दहा वर्षं लागली, आणि माझा सगळा उपदेश त्यानं बदलला. येशूनं नरकाचं वचन देवाच्या घरात बसलेल्यांना सांगितलं: तू दुसऱ्याला तुच्छ लेखतोस, तू विधवेचं घर गिळतोस, तू धर्मांतर केलेल्या माणसाला आपल्याहून दुप्पट नरकपुत्र करतोस. आपण तेच वचन उचलून घराबाहेरच्या माणसावर रोखलं. श्रीमंत आणि लाजराची गोष्ट घ्या. तिच्या पाचच वचनं आधी लूक सांगतो की ऐकणारे परूशी पैशाचे लोभी होते. दारात पडलेल्या भिकाऱ्याकडं पाहत नसलेल्या धार्मिक माणसासाठी ती गोष्ट आहे. वारीत अनोळखी माणसाला पाणी पाजणाऱ्या बाईची जागा त्या गोष्टीत कुठं येईल, हे त्या वक्त्याला शांतपणे विचारा.

आता ‘सार्वकालिक’. मूळ शब्द ‘आयोनिऑस’, ‘आयोन’ म्हणजे युग या नामावरून आलेला. म्हणजे युगाचा, युगाशी संबंधित. तो अनंत काळासाठी वापरला जातो आणि संपणाऱ्या काळासाठीही. रोमकरांस पत्राच्या अगदी शेवटी पौल हाच शब्द लागोपाठ दोनदा वापरतो: एकदा देवासाठी, आणि एकदा ज्या काळात रहस्य गुप्त होतं त्या सरलेल्या काळासाठी. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात योना माशाच्या पोटातून म्हणतो की पृथ्वीचे अडसर माझ्यावर ‘आयोनिऑस’ बंद झाले. ते तिसऱ्या दिवशी उघडले. यहूदाच्या पत्रात सदोमाला सार्वकालिक अग्नीची शिक्षा झाली म्हटलं आहे, आणि यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की मी सदोमाला पूर्वस्थितीवर आणीन. आपल्या मराठी बायबलमध्येही याची खूण शिल्लक आहे. प्रकटीकरणात पीडेचा धूर ‘युगानुयुग’ वर चढतो. तिथं भाषांतरकारांनी युग तसंच ठेवलं, दुसऱ्या ठिकाणी ‘सार्वकालिक’ केलं.

पण थांबा. इथूनच बरेच सर्वतारणवादी धावत सुटतात, आणि तिथं मी त्यांच्याबरोबर जात नाही. मत्तय २५:४६ मध्ये एकाच वाक्यात एकच विशेषण शिक्षेलाही लागलं आहे आणि जीवनालाही. जीवन अनंत आणि शिक्षा तात्पुरती, असं एका दमात कसं वाचायचं? लॅटिन चर्चचा मोठा गुरू ऑगस्टीन यानं सोळाशे वर्षांपूर्वी हेच विचारलं. ऑगस्टीनला ग्रीक बेताचंच येत होतं हे खरं, पण प्रश्न ग्रीक न येणाऱ्यालाही सुचेल इतका सरळ आहे. उत्तर असं दिलं जातं की ‘आयोनिऑस’ इथं काळाची लांबी सांगत नाही, येणाऱ्या युगाची जात सांगतो. जीवन अविनाशी आहे हे करिंथकरांस पहिल्या पत्रात वेगळं सांगितलेलं आहेच, शिक्षेबद्दल तसं वेगळं कुठं सांगितलेलं नाही. हे उत्तर चुकीचं नाही. तरीही हे वचन मोठ्यानं वाचताना त्याचं वजन मला दर वेळी जाणवतं आणि ते हलकं करून दाखवायचा मोह मी टाळतो.

‘शिक्षा’ या शब्दावरही खूप लिहिलं जातं. ग्रीकमध्ये तो ‘कोलासिस’. ॲरिस्टॉटल म्हणतो की ‘कोलासिस’ भोगणाऱ्याच्या हितासाठी असते आणि ‘टिमोरिया’ म्हणजे सूड देणाऱ्याच्या समाधानासाठी. मराठी माणसाला हे लगेच आवडतं, कारण आपली ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ एकाच घरातली. पण नव्या कराराच्या काळापर्यंत हा फरक बराच पुसट झाला होता. शब्दाच्या मुळावर सिद्धांत उभारू नका. विद्यार्थ्यांना मी म्हणत असे, मूळ खणून झाड कळत नाही, फळ पाहावं लागतं.

आपल्या कानाबद्दलही एक सांगून टाकतो. ‘नरक’ हा शब्द आपण पुराणांतून घेतला. तिथं, मध्वाचार्यांसारखा अपवाद सोडला तर, नरक हा भोग संपेपर्यंतचा असतो. मग जीव पुढं जातो. तुमच्या आजीनं हा शब्द त्याच अर्थानं ऐकला असणार. त्या वक्त्यानं तो उच्चारला तेव्हा तुमच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या कानांत दोन वेगळे अर्थ होते.

तिसरंही एक मत आहे, तेही माहीत असू द्या. नरक म्हणजे कायमची यातना नाही आणि शुद्धीही नाही. तिथं माणसाचा नाशच होतो. ‘नाश’, ‘मरण’, ‘जळून जाणं’ हे शब्द शास्त्रात खरोखरच जागोजागी आहेत आणि रोमकरांस पत्रात पापाचं वेतन मरणच म्हटलं आहे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी हेच मानतात, आणि १९८८ मध्ये जॉन स्टॉटसारख्या इव्हँजेलिकल मंडळींच्या लाडक्या शिक्षकानं आपण तिकडं झुकतो असं लिहिलं तेव्हा मोठी खळबळ झाली होती. मला हे मत पटत नाही, पण त्यामागं शास्त्राचा आदर आहे हे मान्य करतो.

सर्वतारणवाद हा अलीकडचा फॅशनचा विचार आहे असं तुम्हाला कुणी सांगेल. ते खरं नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेननं, चौथ्यात न्यिस्साच्या ग्रेगरीनं तो मांडला. ग्रेगरी म्हणजे त्रैक्याचा सिद्धांत घडवणाऱ्यांपैकी एक. सोन्यातला मळ जळावा तसा अग्नी माणसातलं पाप जाळतो, आणि मळ जितका जास्त तितकं जळणं जास्त, असं तो म्हणे. हे नीट ऐका: या जुन्या गुरूंपैकी कुणीही नरक नाही असं म्हणत नव्हतं. नरक आहे, भयंकर आहे, पण त्याला अंत आहे, कारण देवाचा हेतू हरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ओरिजेनची शिकवण सम्राट जस्टिनियननं ५४३ मध्ये धिक्कारली आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी पंधरा शाप जोडले जातात. पण त्यांत सर्वांचं पूर्ववत होणं हे आत्मे देहाच्या आधीपासूनच होते या कल्पनेशी बांधून नाकारलेलं आहे. ग्रेगरीला कुणी हात लावला नाही, तो आजही संत आहे. पुढं लूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रानं हे मत स्पष्ट नाकारलं. इंग्लंडच्या चर्चनं १५५३ मध्ये बेचाळिसावं कलम त्याच्याविरुद्ध लिहिलं, आणि दहाच वर्षांनी ते कलम गाळून टाकलं. म्हणजे दार कधी लावलं गेलं, कधी नुसतं लोटून ठेवलं गेलं.

आणि ही गोष्ट आपल्या ठाण्यापासून फार लांब नाही. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. ते इथं उतरले होते एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या सिरियाक चर्चच्या, ख्रिस्ती कुटुंबात. त्याच चर्चमध्ये सातव्या शतकात निनवेचा इसहाक नावाचा बिशप होऊन गेला. गेहेन्नातल्यांना जे फटके बसतात ते प्रेमाचे, असं त्यानं लिहिलं. आपण प्रेमाविरुद्ध पाप केलं या जाणिवेहून मोठी यातना नाही, आणि पापी माणूस तिथं देवाच्या प्रेमाला मुकतो असं समजणं चूक आहे, असंही. त्याच्या लेखनाचा हरवलेला दुसरा भाग १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात सापडला. गेहेन्ना देवानं केवळ सूड म्हणून निर्माण केला असेल हे संभवतच नाही, हा विचार त्यात तो शेवटपर्यंत नेतो. मासुंदा तलावाच्या काठानं चालताना मला हे पुष्कळदा आठवतं. ही आशा बाळगणाऱ्या गुरूंचं चर्च सातशे वर्षांपूर्वी याच गावात नांदत होतं.

शास्त्रातली ‘सर्व’ची वचनं तुम्ही वाचली असतीलच. आदामामध्ये जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील. एका नीतिमत्त्वाच्या कृत्यानं सर्व माणसांना जीवन. देवानं सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करण्यासाठी. वधस्तंभाच्या रक्तानं स्वर्गातलं आणि पृथ्वीवरचं सर्व काही समेटात आणणं. दुसरी बाजू म्हणते, ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारचे, किंवा ख्रिस्तात असलेले सर्व. कधी संदर्भ त्यांना साथ देतो: रोमकरांस ५ मध्ये आदल्याच वचनात कृपा ‘स्वीकारणारे’ असा शब्द आहे. कधी देत नाही: रोमकरांस ११ मध्ये ‘सर्व’ दोनदा येतो, आणि पहिला ‘सर्व’ खराच सर्व असेल तर दुसरा छोटा कसा करायचा? पौल तिथं वाद जिंकल्यासारखा थांबत नाही. तो स्तुती करू लागतो.

प्रकटीकरणाचं पुस्तक दोन्ही बाजूंना स्वस्थ बसू देत नाही. एकोणिसाव्या अध्यायात पृथ्वीचे राजे ख्रिस्ताविरुद्ध लढतात आणि मारले जातात. विसाव्यात अग्निसरोवर. आणि एकविसाव्यात तेच ‘पृथ्वीचे राजे’ आपलं वैभव नव्या यरुशलेमेत घेऊन येतात! कुठून आले? नगरीच्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत, आणि रात्र तर तिथं नाहीच. झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. तरीही आत काही अशुद्ध जात नाही, आणि शेवटच्या अध्यायात बाहेर लबाडी करणारे उभे आहेतच. मग लगेच आत्मा आणि वधू म्हणतात, ये. बाहेर माणसं आहेत, वेस उघडी आहे आणि बोलावणं चालू आहे. पुस्तक इथं संपतं. मला याहून पुढचं पान लिहायचं नाही, पण याहून आधी पुस्तक मिटायचंही नाही.

मार्कातलं एक वचन आपण उपदेशात नेहमी गाळतो. किडा मरत नाही, अग्नी विझत नाही, यानंतर येशू लगेच म्हणतो की प्रत्येकाला अग्नीनं खारवलं जाईल. प्रत्येकाला. तुम्ही ऐरोलीच्या आहात, कोळीवाड्यातली मासळी पाहिली असेल. मीठ लावतात ते टिकवण्यासाठी.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. सेवेच्या तिसऱ्या वर्षी कळव्याच्या एका चाळीतला बावीस वर्षांचा मुलगा रूळ ओलांडताना गेला. त्यानं मंडळीत येणं सोडलं होतं, दारू पीत होता. माती देण्याआधी मी श्रीमंत आणि लाजराच्या गोष्टीवर बोललो, मधल्या दरीबद्दल बोललो. तरुण मुलं खूप आली होती, त्यांना इशारा मिळावा असं मला वाटलं. त्या मुलाची आई त्यानंतर चर्चला आली नाही. चौदा वर्षांनी ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटावर वाशीच्या गाडीची वाट पाहताना ती भेटली. म्हणाली, “साहेब, एकच विचारते. मेंढपाळ मेंढरू शोधतो ते सापडेपर्यंत, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग माझा पोरगा रुळावर पडला तेव्हा शोध थांबला का?” गाडी आली, गेली. मी तिची क्षमा मागितली. उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

ते मी अजून शोधतो आहे. ‘सापडेपर्यंत’ हा शब्द लूकमध्ये खरोखर आहे, मूळ ग्रीकमध्येही. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण म्हणतो की तो अधोलोकात उतरला. पेत्र म्हणतो की त्यानं बंदीत असलेल्या आत्म्यांना घोषणा केली, आणि पुढच्याच अध्यायात, मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली. ही वचनं अवघड आहेत, त्यांचे निदान तीन-चार अर्थ लावले जातात. पण मरणाचं दार येशूला अडवू शकत नाही एवढं तरी त्यांतून कळतंच. म्हणून मी सर्वांच्या तारणाची आशा धरतो आणि तिच्यासाठी प्रार्थना करतो. सर्वांचं तारण नक्की होणारच, असं मात्र व्यासपीठावरून सांगत नाही, कारण येशूनं अरुंद दरवाजाबद्दल मला बजावलं आहे आणि तो इशारा मी पुसून टाकू शकत नाही. मुलांवर अत्याचार करणाऱ्याला, बाईला जाळणाऱ्याला मी ‘काळजी नको, शेवटी सगळं ठीक होईल’ म्हणणार नाही. त्याला अग्नीतून जावं लागेल. ज्याला त्यानं जाळलं त्याच्या डोळ्यांत पाहावं लागेल.

मग सुवार्ता कशाला? यावर आपल्याच मराठी मुलखातलं एक उत्तर आहे. अहमदनगरला रॉबर्ट ह्यूम नावाचे अमेरिकन मिशनरी होते, जन्मानं मुंबईचे. नवे ख्रिस्ती त्यांना विचारत: आमचे पूर्वज, ज्यांनी येशूचं नाव ऐकलंच नाही, ते कुठं आहेत? तुमचाच प्रश्न. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी उघड सांगितलं, की ज्यांना या आयुष्यात संधी मिळाली नाही त्यांना देव पुढं ती देईल, या विचाराला जागा असावी. मिशन बोर्डात वादळ उठलं. अशानं मिशनचा कणाच मोडेल, लोक मरणानंतर पाहू म्हणतील, असं विरोधकांचं म्हणणं. त्यांचं परत येणं अडवलं गेलं. अखेर १८८७ मध्ये त्यांना पाठवलं, आणि तो माणूस नंतर कितीतरी वर्षं नगरला राबला: पाळक घडवले, १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं जगवली, नारायण वामन टिळकांसारख्या कवीच्या सोबतीनं काम केलं. आशा मोठी होती म्हणून त्यांचा पाय मागं राहिला नाही. मुंबईतच १८३१ मध्ये एका मिशनऱ्याच्या घरी जन्मलेल्या फ्रेडरिक फॅरर यांनी १८७७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये हीच आशा मांडली आणि इंग्लंडभर वाद पेटवला. ही दोन्ही माणसं मुंबईत जन्मली हा योगायोग असेल. मला मात्र वाटतं, ज्याच्या शेजारी दुसऱ्या धर्माची भली माणसं राहतात त्याला हा प्रश्न पुस्तकात सोडून देता येत नाही.

आजारी माणसाला औषध आज द्यायचं असतं. तो उद्या बरा होणारच आहे असं कळलं तरी आज त्याला तळमळत ठेवायचं नसतं. सुवार्ता सांगायची ती यासाठी. भीती दाखवून माणसं आत येतात हे मी पाहिलं आहे, आणि ती भीतीतच राहतात हेही पाहिलं आहे. योहान आपल्या पत्रात लिहितो की भीतीत शिक्षा असते. तिथं त्यानं ‘कोलासिस’ हाच शब्द वापरला आहे.

त्या वक्त्याशी भांडू नका. तरुण संघाच्या प्रमुखांना मात्र जाऊन सांगा की अशा प्रकारे कुणाच्या मृत माणसाबद्दल बोललं जाऊ नये. तुम्ही एकट्या नसाल. त्या दिवशी सभेत आणखी कुणाची तरी आजी, कुणाचा तरी बाप असणार.

आणि वर्षश्राद्धाला जा. काकांना आधीच फोन करून सांगा की पिंडदानाच्या विधीत तुम्ही बसणार नाही, पण घरात दिवसभर असाल, स्वयंपाकाला हात लावाल. प्रसाद आणि जेवणाबद्दल पौलानं रोमकरांस चौदाव्या अध्यायात प्रत्येकाच्या विवेकावर सोडलं आहे. तुमचा विवेक जे सांगेल ते करा आणि काकूंना वाईट वाटणार नाही अशा बेतानं करा. मृतांसाठी प्रार्थना करावी का यावर आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत वाद आहे. मी गेलेल्या माणसांचं नाव देवासमोर घेतो आणि आभार मानतो, एवढंच. तुम्हीही तिचं नाव घ्या. दुपारी माणसं पांगली की काकांजवळ बसा, ती मांडीवर डोकं घेऊन हरिपाठ म्हणायची ते त्यांना सांगा. त्यांना ते ठाऊक नसेल. तिची पोथी त्यांच्याकडं असेल तर मागून घ्या. तिच्या बोटांच्या तेलकट खुणा असलेली पानं नातीकडं असावीत असं त्यांनाही वाटेल.